चाळिशीत पुन्हा बीजगणित

न्यू जर्सीतल्या आमच्या भागातल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, नर्सिंगला अर्ज करायचा तर आधी काही विषय पूर्ण करावे लागतात. शरीररचनाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र. संख्याशास्त्राच्या वर्गात नाव घालायचं तर त्याआधी बीजगणित येतं हे दाखवावं लागतं. माझी पदवी इतिहासाची, साताऱ्याकडची. गणिताशी माझा शेवटचा संबंध दहावीच्या बोर्डाला आला, बीजगणित आणि भूमितीच्या पेपरांपुरता. पदवीचं इथल्या पद्धतीने मूल्यमापन करून नेलं होतं, पण त्यात गणिताचा एकही विषय नव्हता, म्हणून सल्लागार बाईंनी प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कुठल्या पायरीच्या वर्गात बसायचं ते ठरवणारी चाचणी, द्यायला सांगितली आणि त्यातून माझी नेमणूक ‘बिगिनिंग अल्जिब्रा’च्या वर्गात झाली. तो वर्ग मी पुरा केला, पुढे संख्याशास्त्र केलं, आणि आता त्याच कॉलेजच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये याच विषयासाठी ट्यूटर म्हणून बसते. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत बायका बाजूला घेऊन विचारतात, “अगं, इतक्या वर्षांनी मला झेपेल का?” झेपेल, असं एका शब्दात सांगून भागत नाही. काय केलं की झेपतं, ते सांगायला हवं.

सुरुवात प्लेसमेंट टेस्टपासूनच करते, कारण बऱ्याच जणांचं नुकसान तिथेच होतं. आमच्याकडे ॲक्युप्लेसर नावाची चाचणी होती. कॉलेज प्रवेशासाठीची एसएटी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचीच ही चाचणी. ती संगणकावर द्यायची, गुण २०० ते ३०० च्या दरम्यान मिळतात, वेळेचं बंधन नसतं, आणि तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड ठरत जातो. उत्तर देऊन पुढे गेलं की मागे फिरता येत नाही. यात पास-नापास नाही असं सांगितलं जातं, आणि ते ऐकून लोक काहीच उजळणी न करता जाऊन बसतात. हे फार महागात पडतं. त्या एका दुपारवर पुढची एक-दोन सत्रं ठरतात. या खालच्या पायरीच्या वर्गांची फी भरावी लागते, पण त्यांचे क्रेडिट बहुतेक ठिकाणी पदवीत धरत नाहीत. सरावाचे प्रश्न कॉलेज बोर्डाकडून फुकट मिळतात. मी काही आठवडे रोज रात्री मुलं झोपल्यावर फक्त अपूर्णांक, शेकडेवारी आणि ऋण संख्या घेऊन बसले होते. त्यामुळे निदान अंकगणिताच्या वर्गाची पायरी वाचली.

वर्ग संध्याकाळचा होता. शेजारी बसणारा मुलगा कार्टरेटच्या एका गोदामात रात्रपाळी करायचा आणि वर्ग सुटला की तिथून थेट कामावर जायचा. पुढच्या बाकावर डोमिनिकन रिपब्लिकमधून आलेल्या एक बाई होत्या. दिवसभर वृद्धांच्या घरी मदतनीस म्हणून काम करून त्या येत. हायस्कूल नुकतंच संपवलेली मुलं होती, फौजेतून परतलेला एक जण होता, आणि माझ्यासारख्या आयाही होत्या. बिनडोक म्हणावं असं त्या खोलीत कुणीही नव्हतं. तरी सत्र संपेपर्यंत बाकं बरीच रिकामी झाली. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटर आहे. तिथल्या संशोधकांनी २०१० साली मांडलं होतं, की गणिताच्या अशा पूर्वतयारीच्या वर्गांकडे धाडलेल्या विद्यार्थ्यांपैकी जेमतेम एकतृतीयांश विद्यार्थी ती साखळी पुरी करतात. कितीतरी जण तर पहिल्या वर्गात नावही घालत नाहीत. आमच्या वर्गातल्या रिकाम्या बाकांकडे बघताना तो आकडा मला नुसता आकडा वाटत नाही.

अभ्यासक्रम ऐकायला ओळखीचा वाटतो. पूर्णांक आणि त्यांवरच्या क्रिया, एका चलातली समीकरणं, असमानता, आलेख, एकसामयिक समीकरणं, घातांक, बहुपदी, अवयव, परिमेय राशी, वर्गमूळं, आणि शेवटी वर्गसमीकरणं. आपण सातवीपासून दहावीपर्यंत जे हळूहळू शिकतो, ते इथे पंधरा आठवड्यांत उरकतात. एक आठवडा चुकला की पुढचा कळत नाही.

पण वेगापेक्षाही मोठी अडचण दुसरीच आहे, आणि मला सांगायचं आहे ते हेच. बीजगणिताच्या वर्गात माणूस अडतो, तो बहुतेक वेळा बीजगणितावर अडतच नाही. टेबलासमोर बसून रोज हे बघते. परवा एक मुलगा हे समीकरण घेऊन आला: क्ष/३ + क्ष/४ = ७. “मला अल्जिब्रा कळत नाही,” असंच तो पहिल्यांदा म्हणाला. मी म्हटलं, समीकरण म्हणजे काय ते मला सांग. त्याने नीट सांगितलं, दोन्ही बाजू सारख्या आहेत, एका बाजूला जे करायचं ते दुसऱ्या बाजूला करायचं. यात बीजगणित सगळं आलं. मग त्याने लिहिलं काय? वरचे दोन क्ष मिळवले, खालचे तीन आणि चार मिळवले, आणि २क्ष/७ = ७ असं मांडलं. मी क्ष बाजूला ठेवला आणि विचारलं, एकतृतीयांश अधिक एकचतुर्थांश किती? तो म्हणाला, दोन सप्तमांश. दोन सप्तमांश एकतृतीयांशापेक्षाही लहान आहे, मिळवल्यावर रक्कम कमी कशी होईल, असं कागदाची पट्टी दुमडून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिला. मग आम्ही ल.सा.वि. बाराने दोन्ही बाजूंना गुणलं. ४क्ष + ३क्ष = ८४, म्हणजे क्ष बारा. बारा घालून ताळा केला, चार अधिक तीन सात. त्याला अडवत होता तो पाचवीतला अपूर्णांक, आणि त्याने मात्र स्वतःला कॉलेजातल्या बीजगणितात नापास ठरवून टाकलं होतं.

अशी ठिकाणं मोजकीच आहेत, पण ती पुन्हा पुन्हा समोर येतात. कंसाबाहेरचा वजा हे त्यांतलं मोठं. −२(क्ष − ५) सोडवताना दहाच्या आधी वजा तसाच ठेवला जातो, खरं तर तिथे अधिक दहा येतात. −३² आणि (−३)² यांतला फरक आहे. पहिल्याचं उत्तर वजा नऊ, दुसऱ्याचं अधिक नऊ. (क्ष + ६)/६ दिसलं की सहाला सहा छेदून टाकायची घाई होते. आणि (क्ष + ३)² म्हणजे क्ष² + ९, हे तर हुशार मुलंही लिहितात. यावर आमच्या प्राध्यापक बाईंनी एक उपाय शिकवला, तो मी आता सगळ्यांना देते. शंका आली की क्षच्या जागी एक छोटी संख्या घालून बघायची. क्ष दोन धरला तर (२ + ३)² म्हणजे २५, आणि २² + ९ म्हणजे १३. दोन्ही सारखे नाहीत, म्हणजे नियम खोटा. कुणाला विचारायची गरज नाही. ज्या दिवशी विद्यार्थी आपणहून असा ताळा करतो, त्या दिवसापासून त्याला माझी गरज कमी लागते.

क्रियांच्या क्रमाचंही असंच. आपण शाळेत ‘कंचेभागुबेव’ पाठ केलेलं असतं, इथली मुलं ‘पेमडास’ म्हणतात. त्यांच्यात गुणाकार आधी येतो, आपल्यात भागाकार. म्हणून १२ ÷ २ × ३ चं उत्तर त्यांतले काही जण दोन काढतात. खरं उत्तर अठरा. आणि १० − ४ + ३ ला दोन्हीकडचे फसतात, कारण दोन्ही सूत्रांत बेरीज वजाबाकीच्या आधी आहे. बेरीज आधी करून उत्तर तीन काढतात, खरं तर ते नऊ. भागाकार-गुणाकार एका पातळीवर, बेरीज-वजाबाकी एका पातळीवर, आणि एका पातळीवरच्या क्रिया डावीकडून उजवीकडे. पहिल्याच आठवड्यात हे पक्कं झालं पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक पानावर त्याची झळ लागते.

पाढ्यांबद्दलही मोकळेपणाने सांगते. आमच्या वर्गात परीक्षेला कॅल्क्युलेटर चालत नव्हता, आणि अवयव पाडताना मला पाढ्यांनी तारलं. ६क्ष² + ११क्ष − १० घ्या. सहा आणि वजा दहा यांचा गुणाकार वजा साठ. गुणाकार वजा साठ आणि बेरीज अकरा येईल अशा दोन संख्या हव्यात. पंधरा चोक साठ ज्याच्या जिभेवर आहे त्याला १५ आणि −४ लगेच सुचतात. मग मधलं पद फोडायचं, ६क्ष² + १५क्ष − ४क्ष − १०, दोन-दोन पदांतून समान अवयव बाहेर काढायचा, आणि उत्तर (३क्ष − २)(२क्ष + ५). शेजारच्या मुलाला हीच रीत कळत होती, पण साठचे अवयव शोधण्यातच त्याची दहा मिनिटं जायची आणि तोवर उदाहरण कुठे होतं तेच तो विसरायचा. पाढे म्हणजे घोकंपट्टी, असं म्हणून ते बाजूला सारणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. पाढे येत असले की डोकं विचाराला मोकळं राहतं.

गृहपाठ संगणकावर होता. आता बहुतेक कॉलेजांत तसाच असतो. त्याचे फायदे आहेत, उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळतं. पण त्याला दिसतं ते फक्त शेवटचं उत्तर. पायऱ्या कशा केल्या हे त्याला दिसत नाही. शिवाय ‘हे सोडवायला मदत करा’ असं एक बटण असतं. ते दाबलं की उदाहरण पायरीपायरीने सुटत जातं, वाचताना सगळं पटतं, मग तसंच दुसरं उदाहरण येतं आणि आकडे बदलून तेही जमतं. गृहपाठाला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव आणि परीक्षेत पंचेचाळीस, असे विद्यार्थी माझ्यासमोर येऊन रडले आहेत. ते खोटारडे नव्हते, आळशी तर मुळीच नव्हते. कागदावर कोऱ्या पानापासून सुरुवात करायची वेळच त्यांच्यावर परीक्षेपर्यंत आली नव्हती.

म्हणून मी स्वतः एक शिस्त पाळली, आणि तीच इतरांना सांगते. संगणकावरचं प्रत्येक उदाहरण आधी वहीत लिहायचं. एका ओळीत एकच पायरी. बरोबरची चिन्हं एकाखाली एक. डावीकडे समास सोडून त्यात काय केलं ते लिहायचं, ‘दोन्हीकडून ५ वजा’, ‘ल.सा.वि.ने गुणलं’. उदाहरण चुकलं तर खोडायचं नाही, जिथे चुकलं त्या ओळीला लाल शाईने गोल करायचा. महिन्याभराने वही चाळली की आपले गोल कुठे जमतात ते दिसतं. पुढच्या बाकावरच्या बाईंचे सगळे गोल ऋण चिन्हांवर होते. त्यांनी दोन आठवडे रोज रात्री नुसत्या ऋण संख्यांच्या बेरजा-वजाबाक्या केल्या आणि त्यांचे गुण चढले. समीकरणांचा जादा सराव करून त्यांना हे मिळालं नसतं. ट्यूटरसाठीही अशी वही सोन्यासारखी. “मला काहीच कळत नाही” याला मी काय करणार? पण लाल गोल दिसला की पाच मिनिटांत कामाला लागता येतं.

वेळेचा हिशेब नाव घालण्याआधीच करावा. इथला साधारण दंडक असा, की एका क्रेडिटसाठी आठवड्याला एक तास वर्गात आणि दोन तास घरी. आमचा वर्ग चार क्रेडिटचा, म्हणजे चार तास वर्गात आणि आठ तास घरी, असे आठवड्याचे बारा तास. नोकरी, दोन मुलं आणि घर सांभाळून त्याच्याबरोबर आणखी तीन विषय घेणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, एक विषय कमी करा. हे बारा तास शनिवार-रविवारी एकदम काढूनही चालत नाहीत. सोमवारी शिकलेली रीत सोमवारीच रात्री चार उदाहरणांत वापरली तर बुधवारी ती हाताशी असते. रविवारपर्यंत ठेवली तर पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागते. मी घरी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की जेवणं झाल्यावर स्वयंपाकघराचं टेबल माझं. मुलगी समोर तिचा गृहपाठ घेऊन बसायची. नवऱ्याने भांडी आणि दुसऱ्या दिवशीचे डबे अंगावर घेतले. हे मुद्दाम लिहिते, कारण घरातल्यांनी जागा करून दिली नाही तर आईला बारा तास मिळत नाहीत, मग ती कितीही हुशार असो.

शाब्दिक उदाहरणांची सगळ्यांनाच धास्ती. आपल्या लोकांना त्यात आणखी एक अडथळा, उदाहरणांतलं जग आपलं नसतं. एक नमुना देते. डाइम आणि क्वार्टर मिळून १४ नाणी आहेत, एकूण रक्कम २ डॉलर ३० सेंट, तर प्रत्येक नाणं किती? डाइम दहा सेंटचं आणि क्वार्टर पंचवीसचं, हे उदाहरणात लिहिलेलं नसतं. ते माहीत आहे असंच धरलेलं असतं. आमच्या बाई तक्ता करायला लावत. पहिल्या रकान्यात नाणं, दुसऱ्यात किती नाणी, तिसऱ्यात एका नाण्याची किंमत, चौथ्यात एकूण किंमत. क्वार्टर क्ष, तर डाइम १४ − क्ष. किमती २५क्ष आणि १०(१४ − क्ष), आणि बेरीज २३०, कारण सगळं सेंटमध्ये आणायचं. १५क्ष + १४० = २३०, क्ष सहा. सहा क्वार्टर, आठ डाइम. दीडशे सेंट आणि ऐंशी सेंट, ताळा जुळला. तक्ता भरून होईपर्यंत समीकरणाला हात लावायचा नाही, हा नियम मी कडक पाळायला लावते. घाई करणारे विद्यार्थी पहिल्या वाक्यातच समीकरण मांडायला जातात आणि नाण्यांची संख्या नाण्यांच्या किमतीत मिसळतात.

नाण्यांच्या या उदाहरणांचा उपयोग काय, असं मला नेहमी विचारतात. नर्सिंगच्या वाटेवर मी त्याचं उत्तर अनुभवते आहे. बाटलीवर लिहिलेलं असतं ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम, डॉक्टरांनी लिहून दिलेले असतात ४०० मिलिग्रॅम. किती मिलिलिटर द्यायचं? आठ. एकक सांभाळणं, प्रमाण मांडणं आणि शेवटी ताळा करणं या तिन्ही सवयी त्या तक्त्यांतूनच आल्या. दशांशचिन्ह एक घर सरकलं तर औषध दहापट होतं. म्हणून ट्यूटरिंगला येणाऱ्या नर्सिंगच्या मुलींकडून मी ताळा करून घेतल्याशिवाय वही मिटू देत नाही.

मदत मागण्याबद्दल एक गोष्ट आपल्याकडच्यांना सांगावीच लागते. प्राध्यापकांचे ‘ऑफिस अवर्स’ असतात, म्हणजे आठवड्यातले ठरलेले तास त्या आपल्या खोलीत विद्यार्थ्यांसाठी बसलेल्या असतात. आपल्याला वाटतं, बाईंना कशाला त्रास द्यायचा, फार अडलं तरच जावं. तो तास तुमच्यासाठीच राखलेला असतो, आणि पुष्कळदा खोलीत कुणीही आलेलं नसतं. ट्यूटरिंग सेंटर तर फीमध्येच धरलेलं असतं. पहिल्या महिन्यात येणारे आणि मधल्या परीक्षेनंतर येणारे, यांच्यात मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. सप्टेंबरात अपूर्णांकांवर दोन बैठकी पुरतात. नोव्हेंबरात तेच अपूर्णांक परिमेय राशींच्या पोटात दडलेले असतात आणि दोन्ही एकदम शिकवावं लागतं. येताना फक्त एवढं करा, स्वतः प्रयत्न केलेलं पान घेऊन या, अर्धवट का असेना.

परीक्षेची तयारी म्हणजे उदाहरणं मिसळणं. धड्याच्या शेवटी सगळी उदाहरणं एका रीतीची असतात, त्यामुळे कुठली रीत लावायची हा प्रश्नच उरत नाही. अंतिम परीक्षेत सगळे धडे एकत्र येतात आणि खरी कसोटी तीच असते. मी वेगवेगळ्या धड्यांतली उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहून, मिसळून, घड्याळ लावून सोडवायची. पाठ्यपुस्तकाला पैसे नसतील तर राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचं ‘एलिमेंटरी अल्जिब्रा’ नेटवर फुकट आहे. उदाहरणं भरपूर आहेत आणि मांडणी स्वच्छ आहे.

गेल्या काही वर्षांत हे वर्गच कमी होत चालले आहेत. कॅलिफोर्नियात २०१७ साली कायदा झाला आणि तिथल्या कम्युनिटी कॉलेजांनी बहुतेक विद्यार्थ्यांना थेट पदवीच्या पातळीच्या गणितात बसवायला सुरुवात केली. २०२२ च्या कायद्याने ते आणखी पक्कं केलं. इतर ठिकाणीही संख्याशास्त्र किंवा कॉलेज अल्जिब्राबरोबर आधाराचा जादा तास जोडून देतात, त्याला कोरिक्विझिट म्हणतात. एक सत्र वाचतं, फी वाचते, आणि मधल्या मधे गळणारे कमी होतात, म्हणून मला हा बदल पटतो. पण तो जादा तास खरोखर अपूर्णांक आणि ऋण चिन्हांसाठी वापरला गेला पाहिजे. तिथेही मुख्य वर्गाचंच व्याख्यान पुन्हा झालं तर त्या मुलाचा क्ष/३ तसाच अडकून राहील.

तेव्हा नाव घालण्याआधी सल्लागारांना तीन प्रश्न विचारा. माझ्या अभ्यासक्रमाला नेमकं कुठलं गणित लागतं, संख्याशास्त्र की कॉलेज अल्जिब्रा? दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत आणि भलतीकडे गेलात तर एक सत्र वाया जातं. दुसरं, आधाराच्या तासासह थेट वरचा वर्ग घेता येईल का? आणि तिसरं, ‘डब्ल्यू’, म्हणजे नापास न होता ‘विषय सोडला’ अशी नोंद घेऊन वर्ग सोडायची शेवटची तारीख कोणती? ती तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा. आर्थिक मदत घेत असाल तर वर्ग सोडण्याआधी त्या कार्यालयातही चौकशी करा, कारण सोडलेल्या विषयाचा परिणाम पुढच्या मदतीवर होऊ शकतो.